तिसऱ्या पानाच्या तळाशी

कडुनिंबाचा मोहोर गळायला लागला की मी मान खाली घालून चालते. तांबरम स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर तो पिवळसर भुगा साचतो, चपलेच्या खाचांत बसतो, त्याचा कडवट-गोड वास उन्हाबरोबर वर येतो, आणि मला वाटत राहतं की आता कोणीतरी मागून येऊन माझ्या हातात एक घडीचा कागद देणार. बहुतेक वेळा कोणी येत नाही. पण ईस्टरआधीच्या आमच्या उपवासाचे चाळीस दिवस याच उन्हात येतात. याच दिवसांत चर्च-मंडळ्यांची माणसं पत्रकं वाटायला बाहेर पडतात, आणि दर वर्षी एकदा तरी ते पत्रक माझ्यापर्यंत पोचतंच. पुढच्या पानावर एका मुलाचा फोटो. शाळेचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, डावा कान उजव्यापेक्षा जरा पुढे आलेला. आत, तिसऱ्या पानाच्या तळाशी, ठळक अक्षरांत: 'मला भीती नाही'.

त्याचं नाव आसीर. तो सतराव्या वर्षी गेला. ते पत्रक मी लिहिलं. तेव्हा मीही सतराची होते.

मी पत्रकांवर वाढले, हे अगदी शब्दशः खरं आहे. आमच्या घरातल्या खाटेखाली धान्याचे डबे नव्हते, पत्रकांची खोकी होती. पप्पा मूळचे नगरकडचे; रेल्वेतल्या कारकुनीने त्यांना चेन्नईला आणलं आणि सुवार्तेने इथेच ठेवून घेतलं. दर रविवारी उपासना आटोपली की ते खांद्याला पिशवी लावून स्टेशनवर उभे राहत. आदल्या दिवशी आम्ही जमिनीवर बसून घड्या घालायचो. घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ दाबून फिरवायची, म्हणजे कागद पुन्हा उघडत नाही. बिघडलेल्या छपाईचे ताव माझ्या वह्यांना कव्हर म्हणून लागायचे. भूगोलाच्या वहीवर कितीतरी महिने उलट्या अक्षरांत 'तू कुठे चालला आहेस?' असं विचारलेलं होतं.

पप्पांचे नियम ठरलेले. पहिल्या पानाला चालता माणूस थांबला पाहिजे. दुसऱ्या पानाला त्याला स्वतःचं दुःख आठवलं पाहिजे. तिसऱ्या पानाच्या तळाशी, ठळक, एक वाक्य, जे तो घरी घेऊन जाईल. चौथ्यावर प्रार्थना. पप्पा हे सुतार जोड शिकवतो तसं शिकवायचे. मी दहा वर्षांची असताना मला कोणत्याही माणसाचं मरण चार पानांत बसवता येत होतं.

आसीर मला आमच्या मंडळीच्या तरुण संघात भेटला. मंडळी तमिळ, मराठी उपासना जवळपास कुठे नव्हतीच. झावळ्यांच्या रविवारासाठी आम्ही नारळाच्या कोवळ्या पात्यांचे क्रूस वळत होतो. माझा क्रूस सारखा सुटत होता. तो समोर बसून पात्याचे टोळ वळत होता, आणि पाळक आले की टोळ मांडीखाली सरकवून क्रूस पुढे करत होता.

"तू बोलतेस की वाचून दाखवतेस?" त्याने मला विचारलं.

"म्हणजे?"

"तुझं तमिळ पत्रकासारखं आहे. कुणी तरी छापून दिल्यासारखं."

"आणि तुझं?"

"माझं बसस्टँडचं. कोणालाही कळतं."

मला राग आला होता. घरी जाताना माझ्या पिशवीत एक पात्याचा टोळ निघाला. तो सुकून तांबूस झाला, मग एका टोकाने सुटला. तो मी किती दिवस ठेवला ते सांगत नाही.

पुढच्या उपवासकाळात आमची बारावीची परीक्षा होती, आणि आसीर परीक्षेला बसलाच नाही. लहानपणीच्या एका तापाने त्याच्या हृदयाची झडप खराब करून ठेवली होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या मार्चमध्ये त्याला दोन पायऱ्या चढून धाप लागायला लागली, मग झोपल्या झोपल्या लागायला लागली, आणि त्याला इस्पितळात ठेवलं. मंडळीने त्याच्यासाठी साखळी-प्रार्थना धरली. आमच्याकडे ही रीत आहे: देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीवर एक मोठा तक्ता लावतात, पहाटेपासून संध्याकाळपर्यंतच्या तासांचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनात एकेक नाव. आपला तास आला की जिथे असू तिथे गुडघे टेकायचे. एकाचा तास संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. मध्ये फट पडू द्यायची नाही. फट पडली तर काय होतं, हे कोणी सांगत नाही. त्यामुळे ते जास्तच कळतं.

माझा तास चार ते पाच. परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी होती आणि इस्पितळाची भेटायची वेळ चारलाच सुरू व्हायची, म्हणून मी माझी प्रार्थना त्याच्या खाटेशेजारी करत असे. त्याची आई, एस्तर आंटी, तेवढ्या वेळात खाली जाऊन चहा घ्यायच्या. पहिले तीन दिवस मी खरोखर डोळे मिटून बसले. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "रूथ."

"शू. प्रार्थना चाललीय."

"माहीत आहे, म्हणूनच बोलतोय. इथे जो येतो तो डोळे मिटतो. डॉक्टर कागद बघतात. अम्मा पंख्याकडे बघून देवाशी बोलते. मी कोणाला दिसतो की नाही?"

"मला दिसतोस."

"मिटल्या डोळ्यांनी?"

मी डोळे उघडले.

"हां. आता असेच ठेव. पाच वाजेपर्यंत. शिक्षा समज."

त्या दिवसापासून मी त्या तासात प्रार्थना केली नाही. मी त्याला रसायनशास्त्राची प्रश्नोत्तरं वाचून दाखवली, कारण त्याला पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची होती. त्याने मला मराठीतल्या शिव्या विचारल्या. मला दोनच येत होत्या, मेल्या आणि गाढवा. तो म्हणाला, "एवढंच? तुमच्या भाषेत पाप करायची सोय नाही का?" खिडकीबाहेर ताडगोळेवाला बसायचा, कोयत्याचा आवाज वर यायचा, आणि आसीर न बघता सांगायचा, हा कोवळा, हा जून. हात धरणं वगैरे काही झालं नाही. त्याच्या मनगटावर सलाईनची पट्टी होती. त्या पट्टीच्या कडेला माझं एक बोट टेकलेलं असे, आणि आम्ही दोघंही तिकडे बघत नसू.

उपवासकाळात काहीतरी सोडायचं असतं. मी त्या वर्षी चहा सोडला होता. आणि त्याच दिवसांत मला जे मिळत होतं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. घरी गेले की पप्पा विचारायचे, "तास झाला?" मी म्हणायचे, "झाला." साखळीतली चार ते पाचची कडी तुटलेली होती, आणि ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, त्याच्या आधीचा बुधवार. त्या दिवशी पाळकांनी एस्तर आंटींना देवळात बोलावलं होतं. चार ते पाच त्यांनी वेदीपाशी गुडघ्यांवर बसायचं, आईची प्रार्थना वेगळी पोचते म्हणून. मी खाटेपाशी होते. त्याला खोकला येत होता, उशा उंच करून त्याला बसवलं होतं. त्याचे ओठ राखाडी झाले होते. साडेचारच्या सुमारास तो म्हणाला, "बयमा इरुक्कु." भीती वाटतेय. तो पुन्हा तेच म्हणाला, जरा मोठ्याने, आणि मग, "अम्माला सांगू नकोस." मी त्याच्याकडे बघत राहिले. नर्स आल्या, खाट हलली, अतिदक्षता विभागाचं दार बंद झालं. एस्तर आंटी बसमधून उतरून धावत आल्या तेव्हा त्या दाराबाहेर मी एकटी उभी होते. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. तो पुन्हा शुद्धीवर आलाच नव्हता.

शनिवारी पप्पांनी मला जवळ बसवलं. त्यांचे डोळे सुजले होते. आसीर त्यांच्या रविवारच्या शाळेतला मुलगा होता. "शेवटी तू होतीस," ते म्हणाले. "काय म्हणाला?"

यावर मी सात वर्षं विचार केला आहे. मी ठरवून खोटं बोलले असते तर ते मला आठवलं असतं. तसं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की साखळी माझ्यामुळे तुटली, तो माझ्यामुळे गेला, आणि आता एक कागद समोर आहे ज्याच्यावर काहीतरी सांधता येईल. हात आपणहून साच्यात गेला. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्याच्या तळाशी मी लिहिलं: 'एनक्कु बयमिल्लै.' मला भीती नाही. आणि वर एक छोटंसं स्मितही त्याच्या ओठांवर ठेवलं.

पत्रक छापायला मी वेस्ट मांबलमला गेले. तिथले छापखानेवाले राव तंजावरी मराठी, हिंदू. पप्पा त्यांच्याकडेच छापत, कारण या शहरात मराठीतून हुज्जत घालता येईल असा तो एकच छापखाना होता. त्यांची मराठी जुन्या पोथीतली आणि हेल तमिळ. ते लग्नाच्या पत्रिका छापत, मेलेल्यांचे फोटो घालून भिंतीवर लावायचे कागद छापत, आणि आमची पत्रकंही. त्यांनी माझा मजकूर चष्मा वर करून वाचला. तिसऱ्या पानाशी थांबले.

"हे त्या पोरानं सांगितलं?"

"हो."

"मी मेलेल्यांचे कागद कैक वर्षं छापतों, पोरी. मरताना माणूस इतकं सारवलेलं बोलत नाहीं. अस्के पाणी मागतात."

अस्के म्हणजे सगळे. हा शब्द मी त्यांच्याच तोंडी ऐकला आहे. ते माझ्याकडे बघत होते. मी काही म्हणाले असते तर त्यांनी तो कागद बाजूला ठेवला असता, असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, "उद्या रविवारी हवीत, काका."

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी ती वाटली गेली.

तेव्हापासून तो माझ्या मागे आहे. माणसं मेलेल्यांना स्वप्नात बघतात. मला तो छापील भेटतो. बीचवर सुंडलवाल्याने हरभऱ्यांना पुडी केली ती त्याच्या कपाळाची होती. तेलाने कागद पारदर्शक झाला होता आणि मागच्या पानावरचा मजकूर त्याच्या गालातून उलटा दिसत होता. मी ते हरभरे खाऊ शकले नाही, पुडी टाकूही शकले नाही. दवाखान्याच्या बाकावर, बसच्या खिडकीच्या फटीत, एकदा माझ्याच कॉलेजच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात खूण म्हणून. दर वेळी तोच कान. दर वेळी तो मला सांगतो की त्याला भीती नाही. आणि मी दर वेळी त्याचा खरा आवाज आठवायला जाते, तो जरा मोठ्याने दुसऱ्यांदा म्हणाला तो, आणि त्याच्यावर छापील आवाज येऊन बसतो. याला मी सर्वांत जास्त घाबरते. मी त्याच्या तोंडून एक वाक्य काढून घेतलं, आणि आता माझ्याकडेही ते नीट उरलेलं नाही.

मोठी झाले तशी मीही पत्रकं लिहायला लागले, वेगळी. सफाई कामगारांच्या संघटनेसाठी, रस्त्याच्या कडेवरून हाकलल्या जाणाऱ्या विक्रेत्यांसाठी. माझ्याबरोबर काम करणारे मला कर्कश म्हणतात. म्हणोत. ज्याच्याकडे बोलायला मंच नाही त्याच्या तोंडात आपले शब्द घालणं ही चोरी आहे, आणि ती चांगल्या हेतूने केली तर जास्त वाईट, कारण मग पकडायलाही कोणी येत नाही. हे मी सभेत उठून बोलले आहे. बोलताना माझे कान तापतात. लोकांना वाटतं तो आवेश आहे.

यंदा उपवासकाळ सुरू होतो त्या भस्म-बुधवारानंतरच्या आठवड्यात मी चेन्नईजवळच्या कोवलमला गेले होते. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांना रस्त्यावरून उठवत होते आणि त्यांचं निवेदन आम्हाला छापायचं होतं. माझ्या सहकाऱ्याने सेल्वी अक्का नावाच्या बाईच्या तोंडी 'प्राण गेले तरी जागा सोडणार नाही' असं लिहिलं.

"ती असं म्हणाली नाही," मी म्हटलं.

"तसाच अर्थ होता ना?"

"ती म्हणाली, ऊन फार लागतं, निदान छत्री लावू द्या. ते लिही."

सेल्वी अक्का हे ऐकत होत्या. बर्फातून हात काढून त्यांनी तो लुगड्याला पुसला. "हिलाच लिहू दे," त्या म्हणाल्या. "ही बोललेलंच लिहिते." मग मी उन्हात उभी आहे म्हणून त्यांनी मला टोपलीमागे बसवलं, आणि गप्पांत सांगितलं की गेल्या साली नवरा समुद्रात गेला. कमरेच्या बटव्यातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली. आत नवऱ्याचा फोटो होता आणि चार घड्या घातलेलं ते पत्रक.

"हा पोरगा बघ, कण्णु, बाळा. एवढासा. भीती नाही म्हणाला. माझा माणूस पण असाच गेला असेल, काय?"

मी मान हलवली. हो अशी, की नाही अशी, ते त्यांना कळलं नसेल. मला नाही कळलं.

त्याच रविवारी पप्पांनी विषय काढला. राव दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाने नवं मशीन घेतलं होतं. "आसीरचं पत्रक परत जुळवायला लागणार," पप्पा म्हणाले. "तू एकदा नजर टाक. आणि एस्तरबाईंची दोन वाक्यं शेवटी घालू."

"ते छापू नका, पप्पा."

"चुका आहेत?"

"एकच आहे."

मी सांगितलं. साखळीतल्या माझ्या तासाचंही सांगितलं. पप्पांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काचा पुसल्या.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत, शेवटी काय म्हणाला. शेवटी काय म्हणतात ते तुम्हीच तर शिकवलं होतं."

"त्या कागदाने किती जणांना धीर आलाय तुला कल्पना नाही, रूथ."

"आहे. म्हणूनच."

"आतून तो तसाच असेल. विश्वासात वाढलेला मुलगा."

"पप्पा, गेथशेमाने बागेत प्रभू घाबरला. मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ज्यांनी ती हकीकत लिहिली त्यांनी ते झाकलं नाही. देवाच्या मुलाची भीती चालते आणि एस्तर आंटींच्या मुलाची चालत नाही?"

ते उठले, खिडकीशी गेले. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली, निघून गेली, तरी ते तिथेच.

"त्यांना तू सांग," ते म्हणाले. "छापायचं की नाही ते त्या ठरवतील. पण बेटा, खरं बोलताना तुझ्या आवाजात जिंकल्यासारखं काहीतरी येतं. ते घरी ठेवून जा."

मी दोन आठवडे आंटींकडे गेले नाही. सात वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी त्या देवळात होत्या. त्या बाहेर असताना तो गेला, आणि त्याला भीती वाटत नव्हती, या एका वाक्यावर त्या उभ्या आहेत हे मला माहीत होतं. ते मी काढून घ्यायचं आणि वर त्याला सत्य म्हणायचं. माझ्या सगळ्या सभा, माझी सगळी भाषणं या दोन आठवड्यांत मला काही उपयोगी पडली नाहीत. तांबरमच्या गाडीत दोनदा बसले आणि दोनदा आधीच्याच स्टेशनवर उतरले.

मग एका दुपारी गेले. आंटी देवळामागच्या गल्लीत शिवणकाम करतात. पुनरुत्थानाच्या रविवारसाठी गायकवृंदाचे पांढरे झगे शिवत होत्या. खोलीभर पांढरं कापड पसरलेलं, खुर्चीवर, पलंगावर. कोपऱ्यात रबर लावलेला पत्रकांचा गठ्ठा. दर शनिवारी त्या मुलांच्या वॉर्डात जाऊन ती देतात.

"ये मा," इथे लेकीला म्हणतात तशा त्या म्हणाल्या. "तिथे बस, कापडावर नको."

मी बसले आणि लगेच बोलले, कारण थांबले असते तर चहा आला असता. "आंटी, पत्रकातलं शेवटचं वाक्य आसीर बोलला नव्हता."

मशीन थांबलं नाही. त्यांनी शिवण टोकापर्यंत नेली, दोरा कापला.

"मग कोण बोललं?"

"मी."

"आणि तो?"

"भीती वाटतेय म्हणाला. दोनदा."

त्यांनी झगा मांडीवर घेतला आणि शिवण नखाने दाबत राहिल्या. "मी गुडघ्यांवर होते त्या वेळी," त्या म्हणाल्या. "गुडघे दुखत होते. मला वाटलं, दुखतायत म्हणजे पोचतंय." मग झगा उलटा केला. "सात वर्षं मी म्हणत आले, तो घाबरला नाही ना, मग मी नसले तरी निभावलं."

"हो, आंटी."

"हो काय. तुला माहीत होतं."

"होतं."

"मागच्या शनिवारी वॉर्डात एक मुलगी म्हणाली, आंटी, मला भीती वाटते, येशू रागावेल का. मी तिला हे वाचून दाखवलं. ती गप्प झाली. मला वाटलं, बरं वाटलं तिला." त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "त्याने मला बोलावलं का?"

माझ्या तोंडात 'हो' तयार होतं. इतकं तयार की त्याची चव आली. एक शब्द, आणि या बाईला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळालं असतं; सेल्वी अक्का इथे असत्या तर त्यांनीही तेच मागितलं असतं. साचा मला अजून येतो. तो हातातून जात नाही.

"नाही," मी म्हटलं. "अम्माला सांगू नकोस, असं म्हणाला."

आंटींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा आधी कोसळल्यासारखा झाला, आणि मग त्यातून काहीतरी ओळखीचं वर आलं.

"हे तो बोलला असेल," त्या म्हणाल्या. "हे त्याचंच. पाचवीत हात मोडला तेव्हा दोन दिवस डाव्या हाताने जेवत होता. विचारलं तर म्हणे, सर्कशीत जाणार आहे." त्या हसल्या, आणि ते हसू मध्येच दुसरंच काहीतरी झालं, आणि त्यांनी शिवायला आणलेलं पांढरं कापड तोंडावर धरलं. मी उठले नाही. डोळेही वळवले नाहीत.

"मी असते तर हसून दाखवत बसला असता," कापडाआडून त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर तरी घाबरता आलं त्याला." मग कापड खाली घेऊन, कोरड्या आवाजात, "पण तू हे माझ्यापासून ठेवलंस, रूथ. सात वर्षं. ते आज माझ्याकडून माफ होत नाही. उद्याचं उद्या बघेन."

"बरं."

"पप्पांना सांग, छापू नका. वाटून झालेली कशी परत आणायची ते मला माहीत नाही. ते तू बघ."

कोवलमला मला जावंच लागणार होतं, हे मला त्याच वेळी कळलं. बर्फात हात घालून बसलेल्या त्या बाईला काय सांगायचं, याचे शब्द मात्र माझ्याकडे नव्हते.

आंटींनी झगा पुन्हा मशीनवर लावला, पण चालवलं नाही. बाहेर गल्लीत परीक्षेहून परतलेली मुलं उत्तरं पडताळत भांडत होती. एकाने 'ब' लिहिलं होतं, बाकी सगळ्यांनी 'क'.

"तुला तो आवडायचा," त्या म्हणाल्या. विचारल्यासारखं नाही.

हे आजवर मी कोणालाही सांगितलं नव्हतं; कुठल्याही कागदावर नाही.

"हो."

"आणि तू त्याला?"

"माहीत नाही, आंटी. मी विचारलं नाही. तोही काही म्हणाला नाही."

त्यांनी तोंड उघडलं. वॉर्डातल्या मुलांशी बोलताना होत असेल तसा त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि मला कळलं की आता त्या म्हणणार, असणारच. मला ते ऐकायचं होतं. आयुष्यात मला दुसरं काही इतकं ऐकायचं नव्हतं.

त्या थांबल्या. बॉबिन काढून बघितली, परत बसवली.

"मला पण माहीत नाही, मा," त्या म्हणाल्या.